जपानची पारंपरिक मिठाई आणि खाऊ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जपानी मिठाईत नेमके कोणते पदार्थ मोडतात?

१८६८ नंतरच्या मेइजी काळात केक, बिस्किटे आणि चॉकलेट यांचा जपानमध्ये प्रसार होऊ लागला. त्या विलायती गोडापासून आपली जुनी मिठाई वेगळी ओळखता यावी, म्हणून तिला ‘वागाशी’ म्हटले जाऊ लागले. वागाशीचे तीन वर्ग पदार्थातल्या पाण्याच्या प्रमाणावरून पाडले जातात. ज्यात ३० टक्के किंवा त्याहून अधिक पाणी असते ती ‘नामागाशी’, म्हणजे ओली आणि ताजीच खायची मिठाई. १० ते ३० टक्के पाणी असलेली मधल्या वर्गात जाते, आणि १० टक्क्यांहून कमी पाणी असलेली ‘हिगाशी’, म्हणजे सुकी मिठाई. हे वर्गीकरण रुक्ष वाटले तरी अत्यंत उपयोगाचे आहे, कारण पदार्थ किती दिवस टिकेल, तो कोणत्या चहाबरोबर द्यायचा आणि प्रवासात नेता येईल की नाही, हे सारे त्यावरून ठरते.

मिठाईच्या दुकानाबाहेरही मोठे जग आहे. तांदळाच्या खारट, खरपूस चकत्या म्हणजे ‘सेंबेइ’. मुलांनी खाऊच्या पैशांत घ्यावा असा स्वस्त माल म्हणजे ‘दागाशी’. शिवाय विसाव्या शतकात कारखान्यांतून आलेला पुडीबंद खाऊ आहे. या पानावर सर्वांचा विचार केला असला, तरी भर वागाशीवर आहे, कारण गैरसमजही तिच्याविषयीच सर्वाधिक आहेत.

ही मिठाई इतकी कमी गोड का लागते?

ती एकटी खाण्यासाठी बनलेलीच नाही, हे याचे खरे उत्तर आहे. चहाविधीत मिठाई आधी खातात आणि चहा नंतर पितात. तोंडात गोडवा रेंगाळत असताना कडसर माचाचा, म्हणजे हिरव्या चहाच्या भुकटीपासून घोटलेल्या चहाचा, घोट घेतला की दोन्ही चवी एकमेकींना उठाव देतात. घट्ट घोटलेल्या चहाआधी ओली, जड मिठाई दिली जाते आणि तिला ‘ओमोगाशी’ म्हणतात. पातळ, फेसाळ चहाबरोबर सुकी मिठाई पुरते. साखर अधिक झाली तर चहाचा सुगंध दबतो, आणि चहा हाच त्या प्रसंगाचा मुख्य विषय असल्यामुळे मिठाई करणारा कारागीर हात आखडता घेतो.

चहाविधीला आजचे रूप देणाऱ्या सेन नो रिक्यू (१५२२–१५९१) यांच्या बैठकांत तर साखरेची मिठाई फारशी नव्हतीच. पाण्यात कालवलेल्या गव्हाच्या पिठाचे पातळ धिरडे भाजून त्याला मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचे खारट वाटण, लावून गुंडाळी केलेले ‘फुनोयाकी’, चेस्टनट आणि समुद्री शेवाळ असे साधे पदार्थ तेव्हा पाहुण्यांपुढे येत. साखर त्या काळी दुर्मीळ होती. आठव्या शतकात नाराच्या तोदाइजी मंदिराला अर्पण केलेल्या औषधांच्या यादीत तिची नोंद आहे, आणि पुढेही कित्येक शतके ती औषधाच्या मोलानेच येत राहिली. एदो काळात आठवे शोगुन, म्हणजे लष्करी शासक, योशिमुने यांनी देशात ऊस लावण्यास उत्तेजन दिले. त्या प्रयत्नांतूनच पुढे शिकोकू बेटावरील आजच्या तोकुशिमा आणि कागावा या भागांत ‘वासानबोन’ ही अतिशय बारीक, फिकट पिवळसर साखर तयार होऊ लागली. बारीक कांड्यांच्या देशी उसाची ही साखर पाणी शिंपडत पुनःपुन्हा हाताने मळून आणि दाबाखाली मळी काढून शुद्ध केली जाते. लाकडी साच्यात दाबून केलेली तिची फुले व पाने जिभेवर ठेवताच विरघळतात. जपानी गोडव्याची परीक्षा करायची असेल तर ती वासानबोनवर करावी, असे माझे मत आहे.

अंको म्हणजे काय आणि ते कसे करतात?

अंको हा बहुतेक वागाशीचा प्राण आहे. अझुकी हे लहान, लाल कडधान्य मूग, उडीद आणि चवळी यांच्याच गणातले असून जपानमध्ये त्याचे सर्वाधिक पीक होक्काइडो बेटावर निघते. ते शिजवून साखरेत आटवले की अंको होते. दाणे अर्धवट अखंड ठेवले तर ‘त्सुबुआन’, आणि साले गाळून मऊसूत केले तर ‘कोशिआन’. पांढऱ्या घेवड्याच्या दाण्यांपासून ‘शिरोआन’ करतात. रंग देण्याजोगे असल्यामुळे नक्षीदार मिठाईला तेच लागते.

कृती सोपी आहे, पण तिच्यात दोन जागा अशा आहेत की तिथे घाई चालत नाही. पहिली उकळी आल्यावर ते पाणी पूर्ण ओतून टाकावे लागते, कारण अझुकीचा तुरटपणा त्यात उतरलेला असतो. दुसरी जागा साखरेची. दाणा दोन बोटांत सहज चिरडला जाईपर्यंत साखर घालायची नाही, कारण साखर लवकर पडली की दाणे पुढे कितीही शिजवले तरी दडदडीत राहतात. साखर सुक्या दाण्यांच्या वजनाइतकी किंवा थोडी कमी घेतात आणि शेवटी चिमूटभर मीठ टाकतात. लाकडी उलथन्याने भांड्याच्या तळाशी रेघ ओढली असता ती क्षणभर तशीच राहिली, म्हणजे अंको झाले. गार झाल्यावर ते आणखी घट्ट होते, म्हणून थोडे सैल असतानाच उतरवावे.

अझुकी न मिळाल्यास लाल चवळी चालते. तो निव्वळ नाइलाजाचा पर्याय आहे असेही नाही, कारण जपानमध्येही चवळी खाल्ली जाते. सणावारी केल्या जाणाऱ्या तांबड्या भातात, विशेषतः टोकियोच्या परिसरात, चवळी घालण्याची जुनी रीत आहे. अझुकीचा दाणा शिजताना पोटाशी उकलतो, ते पोट चिरून केलेल्या आत्महत्येसारखे दिसते, आणि सामुराईंच्या, म्हणजे योद्ध्यांच्या, शहराला ते अशुभ वाटे, असे तिचे कारण सांगतात.

मोची इतकी ताणली का जाते, आणि दुसऱ्या दिवशी कडक का होते?

मोची म्हणजे वाफवून कुटलेल्या चिकट तांदळाचा गोळा. दोन्हींचे कारण स्टार्चमध्ये आहे. नेहमीच्या तांदळात अमायलोज आणि अमायलोपेक्टिन असे दोन प्रकारचे स्टार्च असतात, तर ‘मोचिगोमे’ या चिकट तांदळात जवळजवळ सर्व स्टार्च अमायलोपेक्टिनच असतो. त्याचे फांद्यांसारखे पसरलेले रेणू उष्णता आणि पाणी मिळाले की एकमेकांत गुंततात, म्हणून वाफवलेला तांदूळ उखळात लाकडी हातोड्याने कुटला की ताणला जाणारा एकजीव गोळा तयार होतो. वर्षअखेरीस हे कुटण्याचे काम घराघरांत आणि गल्लीगल्लीत एकत्र जमून केले जाते. एक जण हातोडा घालतो आणि दोन घावांच्या मध्ये दुसरा ओल्या हाताने गोळा पालटतो. ही लय चुकली तर हात सापडतो, म्हणून ही जोडी एकमेकांना आवाज देत काम करते.

गोळा गार झाला की तेच रेणू पुन्हा रांगेत बसू लागतात आणि मोची कडक होते. फ्रिजच्या तापमानाला ही क्रिया सर्वांत वेगाने घडते, म्हणून मोचीची मिठाई फ्रिजमध्ये ठेवणे ही तिची सर्वांत मोठी हेळसांड आहे. टिकवायचीच असेल तर ताजी असतानाच फ्रीझरमध्ये घालावी आणि खाण्याआधी बाहेर काढून ठेवावी. पिठात भरपूर साखर घालून शिजवलेली ‘ग्युही’ मात्र काही दिवस मऊ राहते, कारण साखर पाणी धरून ठेवते.

आपल्याकडच्या तांदळाच्या पिठाची दाइफुकु घरी करता येते का?

दाइफुकु म्हणजे आत अंको भरलेली मऊ मोची. मोदकांसाठी वापरतो त्या आंबेमोहोर किंवा बासमतीच्या पिठाची ती होत नाही. त्यात अमायलोज अधिक असल्यामुळे पारी तुटते. चिकट तांदळाचे पीठ हवे. ते मोठ्या शहरांतील पूर्व आशियाई वाणसामानाच्या दुकानांत किंवा ऑनलाइन मिळते.

असे पीठ १०० ग्रॅम, साखर ५० ग्रॅम आणि पाणी १५० मिलिलिटर एकत्र करून गुठळ्या मोडाव्यात. झाकण ठेवून मायक्रोवेव्हमध्ये दोन मिनिटे शिजवावे, बाहेर काढून ओल्या उलथन्याने जोराने घोटावे आणि पुन्हा एखादे मिनिट शिजवावे. पांढरे, अपारदर्शक मिश्रण काचेसारखे झाले आणि उलथने उचलताच सोबत ताणले जाऊ लागले, म्हणजे शिजले. पांढरे ठिपके उरले असतील तर आणखी अर्धा मिनिट द्यावा. मग कॉर्नफ्लॉर पसरलेल्या ताटात गोळा ओतून गरम असतानाच तुकडे करावेत, प्रत्येक तुकड्यात अंकोची गोळी ठेवून कडा खालच्या बाजूला चिमटून बंद कराव्यात. आत अख्खी स्ट्रॉबेरी ठेवलेली दाइफुकु आज सर्वत्र दिसते. ती १९८०च्या दशकातली, म्हणजे या कुटुंबातली नवी आहे. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी हंगामात असेल तर ती जरूर करून पाहावी. फळाचा आंबटपणा अंकोला फार चांगला मानवतो.

मोची खाण्यात धोका असतो, हे खरे आहे का?

खरे आहे आणि ते गांभीर्याने घ्यावे. नववर्षाच्या दिवसांत मोची घशात अडकून वृद्धांचे मृत्यू होतात आणि टोकियोचे अग्निशमन दल दरवर्षी सूचना काढते. मोचीचे लहान तुकडे करावेत, आधी पाणी किंवा चहा पिऊन घसा ओला करावा, प्रत्येक तुकडा पूर्ण चावावा, आणि लहान मुले व वृद्ध खात असताना कोणीतरी जवळ असावे.

काही जपानी मिठायांत पोर्तुगीज अंश आहे, असे म्हणतात. त्याचा गोव्याशी काही संबंध आहे का?

संबंध आहे आणि तो थेट आहे. पोर्तुगीज व्यापारी १५४३ मध्ये तानेगाशिमा बेटावर प्रथम पोहोचले. फ्रान्सिस झेवियर एप्रिल १५४९ मध्ये गोव्याहून निघाले आणि १५ ऑगस्टला कागोशिमाला उतरले. त्यांच्याबरोबरचा वाटाड्या आंजिरो हा जपानी गृहस्थ गोव्यातच शिकला होता आणि तिथेच त्याचा बाप्तिस्मा झाला होता. १५७१ पासून नागासाकी हे पोर्तुगीज जहाजांचे बंदर झाले. तिथे येणारे जहाज गोवा, मलाक्का आणि मकाव या मार्गाने येई. म्हणजे जुने गोवे हे या पाककलेच्या वाटेवरचे मोठे ठाणे होते.

या वाटेने जपानला साखर, अंडी आणि मैदा एकत्र आणण्याची कल्पना मिळाली. त्याआधी जपानी लोक अंडी क्वचितच खात. अंडी, साखर आणि पीठ यांचा नागासाकीचा ‘कासुतेरा’ हा केक त्यातूनच घडला. फुकुसाया हे त्याचे दुकान १६२४ पासूनचे मानले जाते. मूळ पोर्तुगीज केकात आणि आजच्या कासुतेरात आता बरेच अंतर पडले आहे, कारण जपानी कारागिरांनी त्यात स्टार्चपासून केलेला ‘मिझुआमे’ हा पाक घालून त्याला ओलावा आणला आणि तळाशी जाड साखरेचे दाणे ठेवले. ते दातांखाली करकरतात आणि कासुतेराची अर्धी मजा त्यातच आहे. फुकुओकाचे ‘केइरान सोमेन’ तर पोर्तुगीज परंपरेतून जसेच्या तसे आले आहे. अंड्याच्या पिवळ्या बलकाची बारीक धार उकळत्या साखरेच्या पाकात सोडून त्याचे सोनेरी तंतू करतात आणि जुडीसारखे बांधून कापतात.

१६३९ मध्ये पोर्तुगीजांना जपानमधून घालवण्यात आले. धर्मावर बंदी आली, पण मिठाई मात्र राहिली. पुढे डच आणि चिनी जहाजांची साखर नागासाकीहून ज्या रस्त्याने क्युशू बेट ओलांडून जाई, त्या रस्त्याकाठच्या गावांत आजही मिठाईचे जुने व्यवसाय टिकून आहेत.

कोनपेइतो आणि आपला संक्रांतीचा हलवा सारखेच का दिसतात?

दोन्ही पदार्थ एकाच तत्त्वावर होतात. लहान दाण्यावर साखरेचा पाक थोडा थोडा घालत, मंद आचेवर हलवत राहायचे, म्हणजे थरावर थर चढून दाण्याला काटे फुटतात. आपल्याकडे तीळ, खसखस किंवा साबुदाणा परातीत घेऊन हाताने फिरवतात. कोनपेइतोसाठी कललेली, खालून तापवलेली मोठी लोखंडी कढई सावकाश फिरत असते. तिच्यात पूर्वी खसखस किंवा तीळ टाकत, आता जाड साखरेचे किंवा तांदळाचे कण टाकतात. पळीने पाक सोडला की दाणे घरंगळत खाली येतात, कढईबरोबर वर जातात आणि पुन्हा घरंगळतात. जिथे आधी थोडा उंचवटा झाला असेल तिथे तापलेल्या कढईचा स्पर्श अधिक होतो, पाक तिथेच आधी सुकतो आणि काटा वाढत जातो. दिवसभरात एखादा मिलिमीटरही वाढ होत नाही. क्योटोतील र्योकुजुआन शिमिझु या १८४७ पासूनच्या दुकानात एका घाणीला दोन आठवड्यांहून अधिक काळ लागतो, आणि कारागीर दाणे घरंगळण्याच्या आवाजावरून पाक कधी सोडायचा ते ठरवतो. तेरादा तोराहिको (१८७८–१९३५) या भौतिकशास्त्रज्ञाला या काट्यांच्या कोड्याने बरेच गुंतवून ठेवले होते, यात नवल नाही.

जपानमध्ये कोनपेइतो पोर्तुगीजांनी आणले. १५६९ मध्ये लुईस फ्रोइस या धर्मोपदेशकाने क्योटोत सेनापती ओदा नोबुनागा याला काचेच्या बरणीतून ही मिठाई भेट दिली. फ्रोइस १५४८ मध्ये गोव्याला आला होता आणि त्याची धर्मदीक्षाही गोव्यातच झाली होती.

कोणत्या दिवशी कोणती मिठाई खातात?

जपानी मिठाईचे दुकान हे पंचांगासारखे वाचता येते. नववर्षाला दोन मोचींची उतरंड देवासमोर ठेवतात आणि ११ जानेवारीच्या सुमारास ती फोडून खातात. तिला सुरी लावत नाहीत. वसंतात, विशेषतः ३ मार्चच्या बाहुल्यांच्या सणाच्या सुमारास, ‘साकुरामोची’ येते. टोकियोच्या बाजूला ती पातळ धिरड्यात अंको गुंडाळून करतात, तर क्योटो-ओसाकाकडे भरडलेल्या चिकट तांदळाची गुलाबी, दाणेदार पारी असते. दोन्हींवर मिठात मुरवलेले चेरीचे पान असते. टोकियोतल्या प्रकाराचा उगम १७१७ मध्ये सुमिदा नदीकाठच्या चोमेइजी मंदिराशी जोडला जातो. तिथला द्वारपाल यामामोतो शिनरोकु गळलेली पाने मिठात मुरवून वापरू लागला आणि त्याचे दुकान आजही तिथे आहे. पान खावे की काढावे यावर जपानी लोकांतही मतभेद आहेत. मी खाण्याच्या बाजूचा आहे, कारण गोडाशेजारी तो खारट सुगंध नसला तर साकुरामोचीत विशेष काही उरत नाही.

५ मेच्या बालदिनाला ओकच्या पानातली ‘काशिवामोची’ असते. नवी पालवी फुटेपर्यंत हे झाड जुनी पाने गाळत नाही, म्हणून वंश अखंड राहावा असा त्यामागचा संकेत आहे. हे पान मात्र खात नाहीत. क्योटोत ३० जूनला, म्हणजे वर्षाचा अर्धा भाग सरताना, ‘मिनाझुकी’ खातात. पांढऱ्या, त्रिकोणी, वाफवलेल्या वडीवर अझुकीचे दाणे पसरलेले असतात. त्रिकोण हा बर्फाच्या तुकड्याचा आकार. पूर्वी उन्हाळ्यात बर्फ केवळ दरबारी लोकांना मिळे आणि सामान्य माणसाने त्याची आठवण म्हणून ही वडी खावी, अशी रीत पडली. शरदातल्या पौर्णिमेला चंद्रापुढे तांदळाच्या गोळ्या रचतात. वसंत आणि शरद संपाताच्या आठवड्यांत पूर्वजांच्या स्मरणार्थ अंकोत घोळलेले भाताचे गोळे करतात. १६ जून हा तर वागाशीचाच दिवस आहे. इ. स. ८४८ मध्ये सम्राट निन्म्यो यांनी रोगराई टळावी म्हणून देवाला सोळा पदार्थ वाहिले, या परंपरेवरून तो १९७९ पासून पाळला जातो.

या सर्वांहून सूक्ष्म असते ती ‘नेरिकिरी’. शिरोआनमध्ये थोडी ग्युही मळून केलेल्या या गोळ्यावर कारागीर लाकडी त्रिकोणी पट्टीच्या धारेने पाकळ्या रेखतो. तिचे विषय दर दोनतीन आठवड्यांनी पालटतात आणि फूल नेहमी प्रत्यक्ष बहरण्याच्या थोडे आधी दुकानात येते. चेरी पूर्ण फुलल्यावर चेरीची मिठाई मांडणे हे उशीर झाल्याचे लक्षण समजले जाते.

दोरायाकी, ताइयाकी आणि अनपान यांत फरक काय?

तिन्हींत अंको असते, आवरण वेगळे असते. डोरेमॉनमुळे आपल्याकडच्या मुलांनाही ठाऊक असलेली दोरायाकी म्हणजे मध घातलेल्या दोन गोल, मऊ धिरड्यांमध्ये अंको. हे दुपदरी रूप विसाव्या शतकाच्या आरंभी टोकियोतील उएनोच्या उसागिया या दुकानाने रूढ केले, असे मानतात. ताइयाकी लोखंडी साच्यात माशाच्या आकारात भाजतात. तिचा जन्म १९०९च्या सुमारास टोकियोतल्या नानिवाया या दुकानात झाला, असे सांगितले जाते. त्यात मासा नसतो, हे शाकाहारी वाचकांसाठी स्पष्ट केलेले बरे.

अनपान हा अंको भरलेला पाव. किमुरा यासुबेइ या माजी सामुराईने १८७४ मध्ये टोकियोच्या गिंझा भागात तो विकायला आणला. पाश्चात्त्य यीस्ट सहज मिळत नव्हते, म्हणून त्याने तांदळापासून केलेले, साके मद्यासाठी वापरतात तसले विरजण वापरले. ४ एप्रिल १८७५ रोजी मधोमध मिठातले चेरीचे फूल रोवलेला अनपान सम्राट मेइजी यांना सादर झाला आणि तेव्हापासून त्याचे नाव सर्वतोमुखी झाले.

पावाचाच विषय आहे म्हणून एक भारतीय धागा सांगतो. टोकियोच्या शिंजुकु भागातील नाकामुराया या बेकरीने १९०४ मध्ये क्रीम भरलेला पाव काढला. १९१५ मध्ये ब्रिटिशांच्या दबावामुळे जपान सोडण्याचा हुकूम झालेल्या क्रांतिकारक रासबिहारी बोस यांना याच बेकरीच्या मालकांनी, सोमा दांपत्याने, आपल्या आवारात लपवून ठेवले. पुढे बोस यांनी त्यांच्या मुलीशी विवाह केला आणि १९२७ मध्ये नाकामुरायाच्या उपाहारगृहात भारतीय पद्धतीची करी सुरू झाली. ती अजून मिळते.

सेंबेइ, अरारे आणि ओकाकी यांत गोंधळ होतो. कसे ओळखावे?

सेंबेइ नेहमीच्या तांदळाची असते, म्हणून कडक आणि खुसखुशीत लागते. अरारे आणि ओकाकी चिकट तांदळाच्या मोचीपासून होतात, त्यामुळे भाजताना फुगतात आणि हलक्या लागतात. त्यांतल्या लहान तुकड्यांना अरारे आणि मोठ्यांना ओकाकी म्हणतात. टोकियोच्या उत्तरेकडील सोका हे गाव सोया सॉस लावून भाजलेल्या सेंबेइसाठी प्रसिद्ध आहे. शेंगदाण्यांबरोबर मिळणारे तिखट, चंद्रकोरीसारखे ‘काकी नो ताने’, म्हणजे ‘काकी फळाच्या बिया’, हे निइगाता प्रांतातील नागाओकाचे. साचा चुकून पायाखाली वाकला आणि त्या वाकड्या आकारावरून हे नाव आले, अशी कथा तिथे सांगतात.

कारखान्यातल्या खाऊपैकी कोणते जुने आणि नावाजलेले आहेत?

मोरिनागा कंपनीची दूध घातलेली कॅरमेल १९१४ मध्ये खिशात मावणाऱ्या डबीत आली. सागा प्रांतातील एझाकी रिइची यांनी कालवांच्या रसातल्या ग्लायकोजेनचा उपयोग करून १९२२ मध्ये ग्लिको कॅरमेल काढली. याच कंपनीने १९६६ मध्ये पॉकी ही चॉकलेट लावलेली बिस्किटाची काडी आणली. काल्बीची कोळंबी घातलेली कप्पा एबिसेन १९६४ ची, मेइजी कंपनीची अळंबीच्या आकाराची किनोको नो यामा १९७५ ची, आणि बांबूच्या कोंबाच्या आकाराची ताकेनोको नो सातो १९७९ ची. या शेवटच्या दोहोंपैकी श्रेष्ठ कोणती यावर जपानी घरांत खरोखरच तट पडतात.

दागाशीत ‘उमाइबो’चे उदाहरण बोलके आहे. मक्याची ही फुगलेली कांडी १९७९ पासून १० येनला मिळे. चार दशकांहून अधिक काळ तो दर टिकला. एप्रिल २०२२ मध्ये तो १२ येन आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये १५ येन झाला. मुलाने हातातल्या नाण्यांचा हिशेब करत स्वतः निवड करावी, ही दागाशीच्या दुकानाची शिकवण होती. शाळेजवळची अशी दुकाने कमी होत चालली आहेत, याचे वाईट वाटते.

शाकाहारी व्यक्तीने काय खावे आणि काय टाळावे?

पारंपरिक वागाशी शाकाहारी व्यक्तीला बरीच सोयीची आहे आणि त्याला इतिहास आहे. चीनहून आलेले काही पदार्थ मुळात मांसाचे होते. ‘योकान’ हे तिथे मेंढीच्या मांसाचे सूप होते आणि ‘मांजू’त मांसाचे सारण असे. मांस वर्ज्य असलेल्या बौद्ध भिक्षूंनी त्यांच्या जागी अझुकी आणली. आज घट्ट योकान अंको, साखर आणि कान्तेन, म्हणजे समुद्री शेवाळापासून केलेला अगार, यांचीच असते. दाइफुकु, तांदळाच्या पिठाच्या गोळ्या म्हणजे दांगो, कुरकुरीत आवरणातली मोनाका, नेरिकिरी आणि वासानबोन यांत सहसा प्राणिज काही नसते. कासुतेरा, दोरायाकी आणि बहुतेक भाजलेल्या मांजूंत अंडे असते. दोरायाकीत कधीकधी मिरिन हे गोड मद्यही घालतात.

खरी सावधगिरी खाऱ्या आणि कारखान्यातल्या मालाबाबत बाळगावी लागते. सेंबेइच्या सोया सॉसमध्ये बोनितो माशाचा अर्क असू शकतो. मका किंवा बटाट्याच्या खाऊवरच्या मसाल्यात कोंबडी, डुक्कर किंवा कोळंबीचा अर्क असू शकतो. गमीज आणि मार्शमॅलोत जिलेटिन असते. भारतातल्यासारखा हिरवा ठिपका जपानी वेष्टनांवर नसतो. दुकानात विचारताना ‘तामागो’ म्हणजे अंडे, ‘कात्सुओ’ म्हणजे बोनितो, ‘एबी’ म्हणजे कोळंबी, ‘बुता’ म्हणजे डुक्कर आणि ‘झेराचिन’ म्हणजे जिलेटिन, एवढे शब्द जवळ असावेत. कंदमुळे न खाणाऱ्यांनी रताळ्याची योकान, यामाइमो या जपानी कंदाच्या किसाची ‘कारुकान’, आणि नववर्षाची ‘हानाबिरामोची’ टाळावी. शेवटच्या मिठाईत गोबो नावाच्या मुळाचा तुकडा असतो.

जपानहून घरी आणण्यासाठी काय घ्यावे? किती दिवस टिकते?

नेरिकिरी आणि पारंपरिक दाइफुकु त्याच दिवशी खाव्यात, त्या आणण्याचा मोह धरू नये. मोनाका आणि कासुतेरा काही दिवस टिकतात. सीलबंद योकान कित्येक महिने राहते, कारण साखरेचे प्रमाण मोठे असल्यामुळे तिच्यात जंतूंना वाढण्यासाठी पाणी मोकळे मिळत नाही. सोळाव्या शतकाच्या आरंभी क्योटोत सुरू झालेले आणि १८६९ मध्ये टोकियोत आलेले तोराया हे दुकान पिढ्यान्‌पिढ्या सम्राटाच्या दरबाराला मिठाई पुरवत आले आहे. त्या दुकानाची लहान, एकेकट्या वेष्टनातली योकान भेटीसाठी उत्तम. मुलांसाठी साप्पोरोची ‘शिरोइ कोइबितो’ बिस्किटे किंवा क्योटोची दालचिनीच्या वासाची ‘यात्सुहाशी’ घ्यावी. यात्सुहाशी घेताना भाजलेली कडकच मागावी, कच्ची मऊ पारी लवकर खराब होते.

वेष्टनावरील तारीख वर्ष, महिना, दिवस या क्रमाने असते. ‘शोमी किगेन’ म्हणजे त्या दिवसापर्यंत चव उत्तम राहील. ‘शोही किगेन’ म्हणजे त्यानंतर खाऊ नये.

पहिल्यांदाच चाखत असल्यास सुरुवात कशाने करावी?

योकान आणि साखर न घातलेला हिरवा चहा यांनी करावी. वडी बोटभर जाडीची कापावी, पातळ कापल्यास तिचा घट्टपणा कळत नाही. नेरिकिरी मिळाली तर ती हातात न उचलता सोबतच्या लाकडी काडीने आधी मधोमध कापावी, कारण आतल्या सारणाचा रंगही कारागिराने योजलेला असतो. मग उरलेले तुकडे एकेक करून खावेत. सगळी मिठाई संपल्यावरच चहाचा पेला उचलावा.